सुमेधाचा डाव

नीला खांबेटेच्या पोटात दुखायचं, आणि ती ते लपवायची नाही. "माझ्या पोटात दुखतंय हो," असं ती नवऱ्याला सरळ सांगायची, की त्र्यंबकराव वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, "ओवा खा." लग्नाला इतकी वर्षं झाली तरी या गृहस्थांना कळलं नव्हतं की बायकोचं दुखणं ओव्याने जाणारं नाही. किंवा कळलं असेल, आणि म्हणूनच ते वर्तमानपत्र खाली ठेवत नसतील.

हे दुखणं तिला लहानपणापासूनचं. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ तिचं माहेर. तिसरीत असताना ती वर्गात पहिली आली आणि घरी येऊन मुसमुसत बसली. आईने विचारलं, काय झालं? तर दुसऱ्या आलेल्या मुलीची रिबीन हिच्या रिबिनीपेक्षा रुंद होती. माणसं दुसऱ्याचं बघतात आणि विसरतात. नीला बघायची ते मोजून बघायची, आणि मोजलेलं तिच्या डोक्यातून जात नसे.

अशा बाईला देवाने डोंबिवलीत, रामनगरच्या 'शुभंकर' बिल्डिंगमध्ये, नेमकी सुमेधा गुप्तेसमोरची जागा द्यावी, याला काय म्हणायचं? दोघींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर, मध्ये फक्त कपडे वाळत घालायची जागा. जागा दोघींच्या सारख्याच, दोन खोल्यांच्या. पण सुमेधाचं लोणचं कधी बुरसायचं नाही, दही कधी पातळ व्हायचं नाही. सुमेधाची तुळस डेरेदार, नीलाच्या तुळशीला दर पावसाळ्यात कीड. सुमेधा यातल्या कशाचाही तोरा मिरवत नसे, हे तर नीलाला फारच झोंबायचं. निदान मिरवली असती, तर चार जणींत नाव तरी ठेवता आलं असतं.

खरी लढाई असायची ती संक्रांतीची. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू, आणि हळदीकुंकू म्हटलं की वाण आलंच. आलेल्या प्रत्येकीच्या हातात काहीतरी भेटवस्तू ठेवायची. कुणी कंगवा देतं, कुणी साबणाची वडी, कुणी प्लास्टिकची चाळणी. मग वर्षभर त्या वस्तूवरून त्या घराची लायकी ठरते. तोंडाने कुणी म्हणत नाही, पण ठरते.

शहाऐंशी साली सुमेधाने स्टीलचे डाव दिले. आमटी-वरण वाढायचे, लांब दांड्याचे, चांगले जाड. आणि भांड्यांच्या दुकानातल्या मशीनने प्रत्येक दांड्यावर ठसठशीत नाव कोरून घेतलेलं: सौ. सुमेधा गुप्ते. झालं! शुभंकर बिल्डिंगच्या चारी मजल्यांवर, घरोघरच्या आमटीत सुमेधाचं नाव बुडायला लागलं. नीलाच्याही. तिने तो डाव मागच्या फळीवर, पुरणयंत्राच्या मागे टाकून दिला होता. पण त्र्यंबकरावांना तो सापडला आणि जाम आवडला. "अगं, तो सुमेधाचा डाव कुठाय? त्याने कशी एका वेळी वाटी भरते!" असं ते रोज रात्री जेवताना म्हणायचे. नीला मुकाट्याने वाढायची आणि तिच्या पोटात दुखायचं.

पुढची संक्रांत जवळ आली तशी तिची तगमग वाढली. डावाहून वरचढ काय देणार? त्र्यंबकराव विठ्ठलवाडीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. पगार महिन्याच्या वीस तारखेला मान टाकायचा. अशात एका दुपारी तिला एका साप्ताहिकात जाहिरात दिसली. नऊ घरांचा चौकोन. एक ते नऊ आकडे असे भरा, की उभी, आडवी, तिरकी, कशीही बेरीज केली तरी पंधरा. बरोबर उत्तर देणाऱ्या भाग्यवंतांना जपानी काचेच्या चोवीस बाऊलचा संच, उकळतं पाणी ओतलं तरी न तडकणारा, फक्त खर्चाच्या रकमेत.

पंधराचा चौकोन! तो तर नीलाला शाळेपासून तोंडपाठ होता. कुकरची शिट्टी होईपर्यंत तिने तो भरला आणि पोस्टात टाकला. उत्तर आलं ते गुळगुळीत कागदावर छापलेलं. त्यात अभिनंदन तर होतंच, पण एक वाक्य असं होतं की ते तिने उभ्याउभ्या तीनदा वाचलं: 'आपल्या संपूर्ण शहरातून केवळ आपली निवड झाली आहे.'

केवळ आपली. म्हणजे सुमेधाची नाही. नीला तिथेच फसली. पुढचं सगळं नुसता व्यवहार होता.

खर्चाची रक्कम मात्र 'फक्त' नव्हती, चांगली घसघशीत होती. घरात तेवढे पैसे नव्हते आणि नवऱ्याला विचारायची सोय नव्हती. तेव्हा तिने कपाटातून आईची अत्तरदाणी काढली. चांदीचा मोर. पाठीवरचा पिसारा उचलला की आत अत्तराचा फाया ठेवायची जागा. आईने ती लग्नात दिली होती आणि पुढच्याच वर्षी आई गेली. हळदीकुंकवाला नीला ती काढायची, बायकांच्या मनगटांना अत्तर लावायची आणि पुन्हा पुसून ठेवायची. डोंबिवलीत गहाण टाकली तर सगळ्या गावाला कळणार, म्हणून ती थेट टेंभी नाक्यावरच्या ओळखीच्या सराफाकडे गेली. बाऊल वाटून झाले की भिशीचे पैसे लागतील, तेव्हा सोडवू, असा तिचा हिशेब. मोर मखमलीच्या पिशवीत गेला तेव्हा तिला भरून आलं, पण ती मागे फिरली नाही. परतताना तिने जिन्यातच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं, "या वर्षी माझं वाण बघाच!" सुमेधा तेव्हा दारात रांगोळी काढत होती. तिचा हात थांबलेला नीलाने पाहिला, आणि त्या रात्री पोटात न दुखता ती झोपली.

पार्सल व्हीपीने आलं. व्हीपी म्हणजे आधी पैसे पोस्टमनच्या हातात, मग खोकं आपल्या हातात; ते पैसे पोस्ट नंतर मनीऑर्डरने कंपनीला धाडतं. शिवराम पोस्टमनने ते धपकन उंबऱ्यात ठेवलं. "काय मागवलंत वहिनी? हात मोडले की माझे!" काच म्हटल्यावर जड असणारच, असं म्हणून नीलाने पैसे मोजले, दार लावलं आणि सुतळी कापली. आत हिंदी वर्तमानपत्रांचे बोळे. बोळ्यांच्या आत अर्ध्या-अर्ध्या विटा. आणि अगदी तळाशी, बहुधा गंमत म्हणून, एक पत्र्याचा चमचा.

मग तिने विटा परत खोक्यात भरल्या, खोकं खाटेखाली सरकवलं आणि पुढे जुन्या चादरींचं गाठोडं लावलं. पैसे गेले याचं दुःख होतंच. आईच्या मोरासाठी जीव तुटत होता. पण खरी धडकी भरली होती ती एकाच गोष्टीची. सुमेधाला कळलं तर ती हसणार नाही. ती जवळ येईल, खांद्यावर हात ठेवेल आणि म्हणेल, "अगंबाई, नीला!" तो हात नीलाला त्या विटांपेक्षा जड वाटत होता.

म्हणून ती गप्प राहिली. नवऱ्याला सांगितलं नाही, शिवरामला सांगितलं नाही. भाजी निवडताना बायकांनी विचारलं, "वाण आलं का गं?" तर तोंड वर करून म्हणाली, "यायचंय." आठवडा गेला आणि कंपनीचं दुसरं पत्र आलं. चुकून भलतंच पार्सल गेल्याबद्दल दिलगिरी. बदली माल तयार आहे. मात्र परतीच्या खर्चाची थोडी रक्कम मनीऑर्डरने ताबडतोब पाठवावी, म्हणजे सणाआधी पोचेल. आणि ही बाब गुप्त ठेवावी. हे वाचून शहाण्या बाईला संताप यायला हवा. नीलाला आनंद झाला. तिला त्या चोरांची दिलगिरी सुमेधाच्या सहानुभूतीपेक्षा बरी वाटली! तिने गॅसच्या सिलिंडरसाठी बाजूला ठेवलेले पैसे उचलले आणि ती पोस्टात गेली.

पोस्टात शिरताच तिला ओळखीचा आवाज ऐकू आला.

"मास्तर, मी इथनं हलणार नाही. हे बघा, डोळ्यांनी बघा काय आहे ते!"

पोस्टमास्तरांच्या टेबलावर सुतळी कापलेलं खोकं होतं. हिंदी वर्तमानपत्रांचे बोळे. आणि विटा. आणि त्यांच्यासमोर, पदर खोचून, सुमेधा गुप्ते.

नीलाला आधी खदखदून हसू आलं. ते तिने रुमालात दाबलं. सुमेधा फसली! दही न बिघडणारी, लोणचं न बुरसणारी सुमेधा! 'संपूर्ण शहरातून केवळ आपली' असं हिलाही कळवलं होतं म्हणजे त्यांनी. पण ते सुख फार टिकलं नाही. कारण पोस्टातली अख्खी रांग सुमेधाकडे बघत होती, आणि कुणीच हसत नव्हतं. एका गृहस्थांनी तिला बसायला खुर्ची दिली. शिवराम पाण्याचा ग्लास घेऊन आला. पोस्टमास्तरांनी चष्मा पुसून विचारलं, "पार्सल आज सकाळीच सोडवलंत ना, बाई?"

"तासही झाला नसेल. शिवराम बिल्डिंगच्या बाहेर पडायच्या आत मी उघडलं. तशीच खोकं उचलून आले."

"उत्तम केलंत. तुमच्या पैशांची मनीऑर्डर अजून इथून निघालेली नाही. ती मी थांबवतो. तक्रार लिहून द्या, विटा इथेच राहू द्या. पुढे चौकशी होईल, पोलिसांनाही कळवू. फार धिटाईने आलात, बाई. लोक येत नाहीत हो! लाजेने घरी बसतात."

धिटाईने आलात. नीलाच्या पोटात अशी कळ उठली की तिला क्षणभर दिसेना. म्हणजे फसण्यातसुद्धा हीच पुढे? विटा हिलाही, मलाही, आणि खुर्ची मात्र हिला? रांग मोडून ती पुढे कधी गेली ते तिला कळलंच नाही.

"मास्तर," ती ओरडली, "मी हिच्या आधी फसलेय!"

सुमेधाने वळून पाहिलं.

"माझ्याकडे पण विटा आहेत," नीला म्हणाली. आता थांबणं तिच्या हातात नव्हतं. "आठवडा झाला. हिच्यापेक्षा जास्तच असतील. खाटेखाली आहेत. आणि हे बघा, मला दुसरं पत्रही आलंय. हिला आलं का विचारा!"

पोस्टमास्तरांनी पत्र वाचलं आणि तिच्या हातातल्या नोटांकडे पाहिलं. "हे पैसे यांनाच पाठवायला निघाला होतात?"

नीलाने मान हलवली.

"ठेवा ते पर्समध्ये. एकदा फसलेला माणूस गप्प बसतो, हे त्यांना माहीत असतं. म्हणून ते त्यालाच दुसऱ्यांदा गाठतात. हे पत्र मात्र फार कामाचं आहे, ते मी तक्रारीला जोडतो. पण बाई..." त्यांचा आवाज खाली आला. "तुमची मनीऑर्डर केव्हाच पोचली असेल. त्याच दिवशी आला असतात, तर थांबवली असती."

सुमेधाचे पैसे वाचले होते, नीलाचे गेले होते. तिने तक्रार लिहून दिली, सही केली, आणि दोघी बरोबरच बाहेर पडल्या. नीला वाट बघत होती. आता येईल तो हात. आता म्हणेल, 'अगंबाई, नीला!'

हात आला नाही. "तुझ्यामुळे झालं हे सगळं," सुमेधा फणकारली.

"माझ्यामुळे?"

"नाहीतर काय! 'माझं वाण बघाच' म्हणे! तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही माझा. म्हटलं, ही काय आणणारे? मी काय द्यायचं? एक साप्ताहिक चाळत बसलेले, त्यात दिसला तो मेला चौकोन."

नीला रस्त्यात थांबली. "तू? माझ्यावर जळतेस?"

"आत्ता कळतंय तुला? आठ वर्षं झाली." सुमेधा मागे न बघता चालत होती. "वाण काय, कुणीही देतं. दुकानात गेलं की मिळतं. पण तुझ्याकडचा तो मोर! तू पिसारा उचलतेस आणि सगळ्या बायका गप्प होतात. माझ्या आईने मला असं काही दिलं नाही. ते डाव तरी का कोरले मी? तुझ्या मोरापुढे चार लोकांनी माझंही नाव घ्यावं म्हणून. बरं ते जाऊ दे. आता वाण नाही तर नाही, मोर काढ यंदा. तेवढंच बरं वाटेल."

ज्या एका वस्तूवर सुमेधा जळत होती, तीच गहाण टाकून नीला तिला जळवायला निघाली होती. हे नवऱ्यालाही न सांगितलेलं होतं. पण पोस्टात एकदा तोंड उघडल्यावर आता ते मिटणंही जड जात होतं.

"मोर नाहीये," ती म्हणाली. "टेंभी नाक्यावर आहे. गहाण टाकलाय. त्या विटांसाठी."

सुमेधा गर्रकन वळली. चेहऱ्यावर दया नावालाही नव्हती. होता तो निव्वळ संताप. "अक्कल गहाण टाकली होतीस की काय? परक्याकडे टाकलास? टाकायचाच होता तर माझ्याकडे टाकायचास!"

नीलाला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

थांबवलेले पैसे सुमेधाला परत मिळाले, तशी ती नीलाच्या दारात उभी राहिली. "चल ठाण्याला. पावती घे. मी सोडवते. पण पैसे फिटेपर्यंत मोर माझ्या घरी राहणार, चालेल?" चालायचं काय, सराफाच्या तिजोरीपेक्षा बरं. असं म्हणून नीलाने होकार दिला आणि त्याच संध्याकाळी तिला पश्चात्ताप झाला. कारण सुमेधाने मोर काचेच्या कपाटात ठेवला, आणि ते कपाट नीलाच्या खिडकीतून समोर दिसायचं.

त्या वर्षी नीलाच्या हळदीकुंकवाला वाण होतं सुईदोऱ्याची पुडी. आणि पुडीबरोबर तिने सगळी हकिकत सांगितली, विटा मधोमध मांडून. लपवायला आता उरलंच काय होतं? सुमेधा सगळ्यांना सांगणार, त्यापेक्षा आपणच आधी आणि जास्त रंगवून सांगावं, हा तिचा विचार. तळमजल्यावरची शीला ऐकता ऐकता पांढरीफटक पडली. तिचं पार्सल दुपारीच आलं होतं, अजून उघडलंही नव्हतं. "उघड," नीला म्हणाली. विटाच निघाल्या. "आज आलंय ना? मग रडतेस काय? चप्पल घाल!" हळदीकुंकू अर्धवट सोडून, काळ्या साडीवर तशीच ती शीलाला घेऊन पोस्टात गेली. शीलाचे पैसे थांबले. मग हे गावात पसरलं. कुणी घरबसल्या कामाच्या जाहिरातीला फसायचा, कुणी आखातातल्या नोकरीच्या आमिषाला. माणूस मान खाली घालून शुभंकरच्या जिन्यात यायचा. नीला आधी विचारायची, "कधी?" आणि मग, "कुणाला सांगितलंस?" पुढे पोस्ट असो, बँक असो, पोलीस चौकी असो, ती बरोबर जायची. लोक म्हणायचे, फार मोठं मन आहे बाईंचं. मन कसलं? लोक सुमेधाकडे गेले असते, ते तिला सोसलं नसतं.

तिचे स्वतःचे पैसे कधीच आले नाहीत. कंपनीच्या पत्त्यावर म्हणे केस कापायचं दुकान निघालं. सुमेधाचं देणं ती चकलीच्या भाजणीचे डबे विकून फेडत होती आणि रोज खिडकीतून बघत होती. पाहुणे यायचे, कपाटासमोर उभे राहायचे, सुमेधा काहीतरी बोलायची, ते माना डोलवायचे. काय सांगत असेल? 'माझ्या आईची' असंच सांगत असणार! नीलाच्या डोळ्यांसमोर तिचाच मोर दुसरीचा होत होता. त्र्यंबकराव ओवा द्यायचे. तो आता ती खरंच खायची.

अठ्ठ्याऐंशीच्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिने शेवटचा हप्ता सुमेधाच्या हातात ठेवला. सुमेधाने कपाट उघडलं, मोर काढला, पदराने पुसला आणि दिला. देताना तिचे हात जरा रेंगाळले. नीलाने तो ओढूनच घेतला आणि सवयीने उलटा करून पाहिला, चांदी तीच आहे ना म्हणून.

मोराच्या पायांखालच्या तबकडीवर अक्षरं कोरलेली होती. कोरलंन् शेवटी स्वतःचं नाव! ती खिडकीच्या उजेडात गेली.

सौ. नीला खांबेटे.

"आणल्याच आठवड्यात घातलं," सुमेधा खाली बघत म्हणाली. "जो येईल तो विचारायचा, कुणाची गं ही? आणि माझ्या तोंडातून 'माझी' निघायला लागलं. दोनदा निघालंही. तिसऱ्या वेळी उठले आणि भांडेवाल्याकडे जाऊन तुझं नाव घालून आणलं. मग जो विचारेल त्याला उलटी करून दाखवायचे. नाहीतर माझा काही भरवसा नव्हता."

नीलाला रडू फुटलं. मोर छातीशी धरून ती तिथेच, सुमेधाच्या स्वयंपाकघरात, लहान मुलीसारखी रडली. मग डोळे पुसून तिने ती अक्षरं पुन्हा एकदा नीट पाहिली, बोटाने चाचपली.

"फार बारीक कोरलंस," ती म्हणाली. "डावावर तुझं नाव याच्या दुप्पट आहे."

"हो," सुमेधा म्हणाली. "मुद्दामच."